बाबा आमटे आणि सणाच्या लिलावातली भाजी



९ फेब्रुवारी हा बाबा आमटे यांचा स्मृतिदिन. २००८ साली याच दिवशी ९३ वर्षांचे आयुष्य जगून त्यांनी आनंदवनात देह ठेवला. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरची वर्धा नदी वणीकडून ओलांडली की पलीकडे वरोरा लागते आणि वरोऱ्याला लागूनच आनंदवन आहे. इतक्या जवळ राहून आपण बाबांचे नाव आदराने घेतो, सहली नेतो, तिथल्या सतरंज्या विकत आणतो. त्यांनी नेमके काय केले, हे मात्र मला बरीच वर्षे नीट समजले नव्हते. ते समजले एका फजितीतून. म्हणून आधी ती सांगते.

दिग्रस-पुसद पट्ट्यातल्या एका आंध वस्तीवर आमची छोटी मंडळी आहे. तिथे एक काका येतात. त्यांचे नाव मी इथे देत नाही. तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला. औषधे उशिरा सुरू झाली, पण पूर्ण झाली आणि रोग केव्हाच बरा झाला. हाताची बोटे मात्र आखडली, दोन झिजून गेली. घरामागच्या तुकड्यात ते वांगी, सांभार, वालाच्या शेंगा लावतात. एका वर्षी कापणीच्या सणाला त्यांनी कापडी पिशवी भरून वांगी आणली आणि वेदीपुढे ठेवली. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे लिलाव झाला. कोंबडा गेला, तुरीची पायली गेली, एका भोपळ्यावर तर चढाओढ लागली. वांग्यांची पिशवी पुढे आली आणि सगळे गप्प झाले. कोणी वाईट बोलले नाही. बोली मात्र कोणी लावली नाही.

शेवटी मी बोली लावली. पन्नास रुपयांची भाजी शंभराला घेतली. सगळ्यांना बरे वाटले, मलाही वाटले. पिशवी घरी आणली आणि ओट्यावर न ठेवता मागच्या पडवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी वांगी शेजारच्या शेळीला घातली. पुढच्या रविवारी काकांनी विचारले, "ताई, वांगे कशे निंगाले?" मी म्हणाले, "छान होते, काका."

कुष्ठरोग भाजीतून पसरत नाही, हे मला माहीत होते. त्या विषयावर मी वस्त्यांवर तक्ते लावून बोलते. तरीही हात मागे गेला. त्यानंतर काही दिवसांनी एका प्रशिक्षणासाठी बाबांच्या जीवनावर टिपण काढायला बसले आणि दोन गोष्टींशी अडखळले. त्याच या लेखात सांगायच्या आहेत.

भीती वाटलेला माणूस

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, एका सधन जमीनदार घरात झाला. ते वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. तरुणपणी त्यांना शिकारीचा, मोटारीचा, इंग्रजी सिनेमाचा शौक होता. रेल्वेत गोरे शिपाई एका तरुणीला त्रास देत होते, तेव्हा ते एकटे आडवे गेले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले. पुढे वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

त्याच काळात पावसात भिजत असताना त्यांना रस्त्याकडेला एक माणूस दिसला. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने बोटे गेलेली, जखमांत किडे पडलेले. त्याला पाहून बाबा पळाले. कोणालाही न घाबरणारा माणूस एका मरणाऱ्या माणसाला घाबरला. पण ते परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. ती भीती मात्र बाबांच्या मनातून जाईना. जिथे भीती आहे तिथे प्रेम नाही आणि जिथे प्रेम नाही तिथे देव नाही, असा त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला.

बायबल वाचणाऱ्या आपल्याला हा हिशेब परका नाही. मार्कच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग तो शुद्ध होतो. लेवीयच्या नियमाप्रमाणे ज्याने वस्तीबाहेर राहायचे, त्याच्यापर्यंत येशूचा हात आधी पोहोचला. बरे होणे त्यानंतरचे आहे. आपण मात्र माणूस बरा होऊन वीस वर्षे झाली तरी हात पुढे करत नाही.

बाबा १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. तिथे जंतूंवरच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले. परत येऊन त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून वरोऱ्याजवळ ५० एकर दगडगोट्यांची, झुडपांनी भरलेली जमीन मिळाली. पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये, एवढ्यावर आनंदवन सुरू झाले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

वरोऱ्याच्या बाजारात न विकली गेलेली भाजी

रुग्णांनी विहीर खोदली, जमीन साफ केली, भाजीपाला पिकवला. स्वतःला पुरून उरला तेव्हा तो बाजारात नेला, तर कोणी घेईना. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी कोण खाणार? हे वाचताना मला आमचा लिलाव आठवला आणि पुढे वाचवेना.

पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात इमारती बांधायला आले. ते तिथेच राहत, तिथलेच जेवत. गावकऱ्यांनी ते पाहिले आणि हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. माणसांना तोवर सांगून कमी सांगितले नव्हते. फरक पडला तो कोणीतरी त्यांच्यासमोर बसून ती भाजी खाल्ल्यामुळे.

बाबांनी या लोकांसाठी भीक किंवा देणगीवर चालणारा आश्रम काढला नाही. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, ही त्यांची ठाम समजूत होती. ज्याला बोटे नाहीत त्याच्या हाताला बसेल असे अवजार करायचे, ज्याला पाय नाहीत त्याने हाताचे काम करायचे, ज्याला दिसत नाही त्याने दोरी वळायची. शेती, दुग्धव्यवसाय, हातमाग, सुतारकाम, छपाई असे एकेक काम उभे राहिले. पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, अपंगांच्या प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन निघाले.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. साठच्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय काढले. ज्या लोकांना गावाने बाहेर काढले होते, त्यांनी गावाच्या मुलांना शिकायला इमारत बांधून दिली. वरोरा आणि आसपासची मुले रोज त्या आवारात येऊ लागली. घेणारे हात देणारे झाले आणि ज्या वस्तीला गाव वळसा घालत होते, त्याच वस्तीत गावाची मुले पदवीधर झाली.

आदिवासींच्या दारी

आपले काम आदिवासी बांधवांमध्ये आहे, म्हणून हेमलकशाचा उल्लेख हवा. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड भागात माडिया गोंडांसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे. रस्ता नाही, वीज नाही, भाषा येत नाही, अशा ठिकाणी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली दवाखाना मांडला. त्यांनी आधी माडिया भाषा शिकली. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला, तो त्यांनी दिला. नंतर शाळा निघाली आणि तिथे शिकलेली माडिया मुले डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. या जोडप्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्येच मिळाला होता.

वृद्धपणी बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांमध्ये आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या शेजारी राहणे बाबांना गरजेचे वाटले. १९९० पासून सुमारे दहा वर्षे ते तिथे होते.

या सगळ्या काळात ते स्वतः अपंग होते, हे आपण विसरतो. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हा तरुण सायकलवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. अपंगांसाठी ते बोलत, तेव्हा बाहेरून बोलत नसत.

कुष्ठसेवेसाठी दिला जाणारा डेमियन-डटन पुरस्कार त्यांना १९८३ मध्ये मिळाला. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहून त्याच रोगाने १८८९ साली वारलेले फादर डेमियन यांचे नाव या पुरस्काराला आहे. १९९० मध्ये धर्मक्षेत्रातला टेम्पल्टन पुरस्कारही मिळाला. बाबा चर्चचे सभासद नव्हते आणि त्यांना आपल्या खात्यात लिहून घेण्याचा मोह आपण टाळावा. त्यांच्याकडून शिकायला मात्र कोणाची हरकत नाही.

रोगाबद्दल चार गोष्टी

कुष्ठसेवेत मिशनचा वारसा जुना आहे. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये लेप्रसी मिशनची सुरुवात केली. आपल्या विदर्भात परतवाड्याजवळ कोठारा येथे त्या मिशनचे रुग्णालय आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि एक मोठा गैरसमज दूर केला. बोटे रोगाने सडून गळत नाहीत. रोग नसा मारतो, त्यामुळे वेदना कळत नाही. चुलीवरचे गरम पातेले हाताला कळत नाही, पायात रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळते आणि बोट झिजते. आमच्या काकांचे एक बोट चुलीपाशीच गेले.

म्हणून हे लक्षात ठेवा आणि वस्तीवर सांगा :

- अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्याला स्पर्श, टोचणे कळत नसेल, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.
- हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. तो शाप नाही, पापाची शिक्षा नाही, आनुवंशिकही नाही. बहुतेक लोकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते.
- औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चट्टे कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने घ्यावे लागते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका राहत नाही.
- बरे झालेल्या माणसाच्या हातून, भांड्यातून, भाजीतून रोग होत नाही.
- बधिर पाय असलेल्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, पाणी-तेलाने त्वचा मऊ ठेवावी, अनवाणी चालू नये. त्यांच्यासाठी मऊ तळाची एमसीआर चप्पल मिळते.

३० जानेवारीपासून सरकारतर्फे 'स्पर्श' ही कुष्ठरोग जनजागृती मोहीम चालते. त्या काळात आपल्या मंडळीत एखादी सभा जरूर ठेवावी.

कायदा काय सांगतो

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा त्यात समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर बहुतेक सवलती मिळतात. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावे लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला कोणी उठत नाही, म्हणून तो निधी अनेक ठिकाणी दिसत नाही. आपण उठावे. निराधारांसाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो.

आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढले गेले. रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही कितीतरी वर्षे ते कलम तसेच होते आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते बोचले.

अडचणी अजून आहेत. काकांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. एका कार्यालयात त्यांना तीनदा परत पाठवले गेले. बोटे नसलेल्यांसाठी आधारच्या नियमांत वेगळी सोय आहे, हे तिथल्या माणसाला माहीत नव्हते आणि दोन खेपांपर्यंत मलाही नव्हते. तिसऱ्या खेपेनंतर मी नियमाची छापील प्रत घेऊन त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा काम झाले. कधीकधी सेवा म्हणजे एवढेच असते : कागद हातात घेऊन माणसाबरोबर रांगेत उभे राहणे.

मफीबोशेथची पंगत

२ शमुवेल ९ मध्ये मफीबोशेथ आहे. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी लंगडा झाला. दावीद त्याला बोलावतो आणि दोन गोष्टी करतो. आजोबा शौल यांची जमीन त्याला परत देतो आणि राजाच्या पंगतीत त्याला कायमची जागा देतो. यातली पहिली गोष्ट हक्काची आहे, दुसरी नात्याची. दोन्ही लागतात.

बाबांच्या कामात मला या दोन्ही गोष्टी दिसतात. जमीन आणि अवजार दिले, म्हणजे कमाई दिली. आणि ज्या पंगतीतून माणसे उठवली गेली होती, तिथे त्यांना पुन्हा बसवले. आमच्या मंडळीत आम्ही काकांना दर नाताळला घोंगडी देत होतो. एकदा तीनचाकी सायकलही आणली होती. वस्तीच्या चढावर ती चढत नाही, म्हणून ती अजून गोठ्यात उभी आहे. आणताना त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांना हवे होते ते इतकेच की त्यांची भाजी लोकांनी भाजी म्हणून घ्यावी.

आज औषध मोफत आहे, रोग बरा होतो. मग नव्या रुग्णाला घर सोडून कुठल्या वसाहतीत जाण्याची गरज पडू नये. पण त्यासाठी आनंदवनाने जे आवारात केले, ते आपल्याला गावात आणि मंडळीत करावे लागेल.

पिशवीचे पुढे काय झाले

त्या टिपणानंतर मी वस्तीवर गेले आणि काकांना खरे सांगितले. भाजी मी खाल्ली नव्हती, हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मले मालूम होतं, ताई. पिशवीले फिनाइलचा वास येत होता."

पिशवी मी धुऊन परत दिली होती. त्यांनी तो वास घेतला, तरी रविवारी मला विचारले, आणि मी खोटे बोलले तेव्हा मान हलवली. क्षमा मागायला शब्द सापडत नव्हते. काकूंनी काही न बोलता चुलीत दोन वांगी भाजायला घातली. भाकरी आणि भरीत आम्ही तिघांनी एका ताटात खाल्ले.

पुढच्या कापणीच्या सणाला काका लिलावाच्या वेळी स्वतः भाजीपाशी उभे राहिले. मी बोली लावली नाही. त्यांची इच्छा तशीच होती. दोन कुटुंबांनी भाजी घेतली. बाकीचे पाहत राहिले. सगळे बदलले, असे मी लिहू शकत नाही. दोन कुटुंबे बदलली.

बाबांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन न करता आनंदवनाच्या मातीतच त्यांना पुरले. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, साधनाताईही गेल्या. ज्या मातीत पिकलेली भाजी कोणी घेत नव्हते, त्याच मातीत बाबा आहेत. या ९ फेब्रुवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा आपल्या मंडळीत किंवा गावात कोणाची भाजी, कोणाचे दूध, कोणाच्या हातचा चहा आपण टाळतो, ते आठवावे. आणि त्यांच्या घरी जाऊन जेवावे.

प्रार्थनेसाठी विषय

- वस्त्यांवर उपचार घेत असलेल्या रुग्णांची औषधे मध्येच बंद पडू नयेत.
- दिव्यांग बांधवांचे प्रमाणपत्र, आधार आणि अनुदानाचे अडलेले अर्ज मार्गी लागावेत. ज्यांना कागदपत्रांची माहिती आहे अशा सभासदांनी महिन्यातला एक दिवस द्यावा.
- आपल्या मंडळ्यांमधली भीती जावी आणि प्रत्येकाला पंगतीत जागा मिळावी.